रिकाम्या ताटाचं व्रत

शाळा उघडायच्या तोंडावर शिवणमावशीला मान वर करायला फुरसत नसे. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे गणवेश तिच्या हातचे. घराच्या तळमजल्यावरची, रस्त्याकडे दार असलेली खोली हेच तिचं दुकान. दोन मशिनी, इस्त्रीचा ओटा, भिंतीला टांगलेले कागदी साचे आणि मधोमध कापड बेतायचं भलंमोठं टेबल. हे टेबल तिच्या नवऱ्याने हयात असताना स्वतःच्या उंचीला करून घेतलेलं. मावशीला त्यापाशी उभं राहायचं तर पायाखाली लाकडी खोकं लागे. नवीन गिऱ्हाईक दारात येऊन “कोणी आहे का?” विचारी, आणि टेबलामागून आवाज येई, “आहे की. या.”

“अगोबाई, दिसलाच नाहीत मावशी.”

“मी नाही दिसले तरी चालतं. शिलाई दिसली तर बोला.”

दिवेलागणीला मात्र कितीही घाई असो, मशीन थांबे. आतल्या खोलीत देवाचा कोनाडा होता. मावशी हातपाय धुई, दिवा लावी आणि घासून लख्ख केलेलं एक ताट देवापुढे ठेवी. रिकामं. त्यात काही वाढायचं नाही, हाच नेम. त्या ताटापुढे हात जोडून बसायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि ताट पुसून उपडं ठेवून द्यायचं. संध्याकाळचं जेवण देवाचं, आपलं दुसऱ्या दिवशी सकाळी. हे व्रत तिला आईने दिलं होतं, जीभ नीट वळत नव्हती त्या वयात. “देव भावाचा भुकेला असतो,” आई म्हणायची, “त्याला रिकामं ताट चालतं.” तेव्हापासून बाळंतपणात, आजारपणात, नवरा गेला त्या संध्याकाळीसुद्धा नेम चुकला नव्हता. पुढे साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, पहाटे घाम फुटून हात कापायला लागले, तरी नाही. ती याचा गाजावाजाही करत नसे. नेम म्हणजे देव आणि आपण, मध्ये तिसरं कोण?

तिसरं होतं, पण ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर तिचा मुलगा, सून आणि नात राहत. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवी. घरी असला तर पाहुणा, नसला तर फोन. सून एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला. गेल्या वर्षापासून तिला दुपारपाळी लागली होती, ती घरी येई तेव्हा गल्ली सामसूम झालेली असे. म्हणून नात शाळेतून आली की खाली आजीकडे. पोरगी दहा संपून अकरावं लागलेली, एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. दुकानात चिंध्यांच्या बाहुल्या कर, बटणं रंगांप्रमाणे लाव, मशीनचं पायडल उगाच हलव, असं तिचं चाले. दिवेलागणीला मात्र ती आजीशेजारी येऊन मांडी घालून बसे, अगदी शहाण्यासारखी.

त्या आठवड्यात मावशीचा थोरला भाऊ आला होता. दूरच्या शहरात तो उभं आयुष्य पूल बांधायच्या कामावर होता; लग्नाला नाहीतर मयताला, एवढंच त्याचं येणं. आता बायको गेल्यावर म्हणाला, महिनाभर येतो. झोपायला वर, पण दिवसभर बैठक दुकानात. इतका उंच, की दारातून येताना रोज वाकायचा आणि रोज एकदा डोकं आपटायचा. दोघं शेजारी उभी राहिली की गल्लीतली पोरं म्हणत, एक शिडी आणि एक पायरी.

“चिमणे,” तो म्हणे, “आईने तुला धुऊन वाळत घातलं असणार. आटलीस.”

“आणि तुला पिळायचं राहून गेलं. हात बघ, गुडघ्याला लागतात.”

सगळ्यांचे गणवेश झाल्यावर मावशीने भिंगरीचा काढला. शिंप्याच्या घरची पोरं उसवल्या कपड्यात, तशातली गत. मावशी प्रत्येक गणवेशाला खाली चांगली चार बोटं दुमड ठेवी. पोरं वाढतात, कापड वाढत नाही. पुढल्या वर्षी दुमड उसवायची, लांबी सोडायची, कंबरेचं बटण सरकवायचं, की तोच स्कर्ट आणखी एक वर्ष निघतो. हे ती डोळे मिटून करी. त्या दिवशीही तिने भिंगरी शाळेच्या मैदानावरून यायच्या आतच दुमड उसवली, इस्त्री फिरवली, नवी बारीक दुमड घातली आणि बटणही बाहेर सरकवून टाकलं. मापं घेण्याची तिला गरजच वाटली नाही. या वयातली पोर वर्षाला किती वाढते हे तिने जन्मभर बघितलं होतं.

भिंगरी आली, तिने स्कर्ट चढवला, आणि तो घसरून तिच्या पायाशी पडला.

“आजी, हा कोणाचा? माझा दे ना.”

भाऊ हसला. मावशीही हसली. “धर वर, मस्करी करू नकोस.”

भिंगरीने दोन्ही हातांनी स्कर्ट कंबरेशी धरला. त्याची किनार तिच्या पोटऱ्यांवर लोंबत होती. मागच्या वर्षी हाच स्कर्ट बरोबर गुडघ्याखाली येत होता. मावशीने खोक्यावरून उतरून टेप घेतला, डोक्यापासून टाचेपर्यंत धरला. मग म्हणाली, “हा टेप जुना झाला, ताणला असेल,” आणि खणातून नवा काढला. नव्या टेपाने तेच सांगितलं. पोर वर्षभरात बोटभरसुद्धा वाढली नव्हती. मावशीने तिच्या कंबरेला टेप लावला, तर बोटं हाडावर टेकली. खांदे बघितले, सदरा खुंटीला लावावा तसा त्या खांद्यांवर लोंबत होता. रोज शेजारी बसणारं लेकरू. रोज.

“जेवतेस ना गं नीट?”

“जेवते की,” भिंगरी म्हणाली, आणि बटणांच्या डब्याकडे पळाली.

सून येईपर्यंत मावशीचा जीव टांगणीला लागला होता. नेहमी ती दुकान बंद करून निजे. त्या दिवशी उंबऱ्यात बसून राहिली. सून आली, हातांना साबणाचा वास, डोळ्यांत झोप.

“अगं, पोर वाळत चाललीये. तू तिला रात्री काय घालतेस?”

सून जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. “मी? आई, रात्री ती तुमच्याकडेच जेवते ना?”

“माझ्याकडे? माझं व्रत आहे. संध्याकाळी माझी चूल पेटत नाही, तुला माहीत नाही का?”

“तुमचं व्रत तुमचं. पोरीला काहीतरी करून घालत असाल असं धरून चालले मी. मी येते तेव्हा ती झोपलेली असते. विचारलं तर म्हणते, आजीकडे जेवले.”

“मला म्हणते, आईने वर ठेवलंय, जाऊन जेवते.”

दोघींच्या मध्ये एक जिना, आणि त्या जिन्यावर एक पोर वर्षभर उपाशी चढली होती. सुनेच्या हातातली पिशवी खाली पडली. तिने ती उचललीही नाही.

भिंगरीला उठवलं. डोळे चोळत, काही वावगं झालंय हे न कळून, तिने सरळ सांगून टाकलं. “मी पण व्रत धरलंय. आजीचं. शाळेतला डबापण अर्धाच खाते, अर्धा मैत्रिणीला देते. व्रतात हाव धरायची नसते ना, आजी?”

हे वाक्य मावशीचं होतं. शब्दान् शब्द तिचं.

सकाळी डॉक्टरीणबाईकडे सगळीच गेली. भाऊही आला, म्हणाला, मी एकटा घरात बसून कोणाच्या चौकटीवर डोकं आपटू? डॉक्टरीणबाईंची खोली छोटी, खिडकीशी वजनकाटा, भिंतीला उंची मोजायची पट्टी. भाऊ दाराजवळच्या बाकावर गुडघे आवळून बसला. डॉक्टरीणबाई मावशीच्या ओळखीच्या. साखरेच्या गोळ्या त्यांच्याच, आणि मागल्या वर्षी इस्त्री उचलताना मावशीचं मनगट काडीसारखं मोडलं तेही त्यांनीच बसवून दिलं होतं.

त्यांनी भिंगरीची नखं बघितली, पापणी खाली ओढून बघितली, वजन केलं. मग तिला जवळ घेऊन विचारलं, “राणी, कशासाठी धरलंस गं व्रत? परीक्षेसाठी?”

“नाही. आजीला रोज देव येतो. मलापण यायला पाहिजे होता.”

“आला का मग?”

“हो. आधी नव्हता येत. आता रोज येतो.”

“कुठे येतो?”

भिंगरीने सदऱ्यावरून हात फिरवला आणि बरगड्या संपतात तिथे, बरोबर मधोमध, तळवा टेकवला. “इथे. आजीने सांगितलंय. आधी इथे ओढल्यासारखं होतं, मग हलकं हलकं होतं, मग डोक्यात वारं शिरल्यासारखं वाटतं. तेव्हा समजायचं, देव आला.”

सुनेने तोंडावर पदर धरला. डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला नर्सबरोबर दूध प्यायला बाहेर पाठवलं आणि त्या मावशीकडे वळल्या. रागाने नाही, जरा निरखून.

“आजी, तुमची उंची पहिल्यापासून एवढीच?”

“आमच्या घराण्यातच बुटकेपणा आहे, डॉक्टरीणबाई.”

डॉक्टरीणबाईंनी बाकावरच्या माणसाकडे बघितलं. तिथे मावशीचा भाऊ गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसला होता.

“तो आजोळावर गेलाय,” मावशी म्हणाली.

“बरं. मुलगा तुमचा जन्मला तेव्हा वजनाला कसा होता?”

“ओंजळभर. मांजराच्या पिल्लासारखा. कापसात गुंडाळून जगवला.”

“आणि आता त्यालाही तरुण वयात रक्तदाब. आजी, तुमच्या वयाच्या पुष्कळ बायका माझ्याकडे येतात. साखर, ठिसूळ हाडं, छातीत दुखणं. आणि सगळ्या एका मापाच्या.”

मावशीच्या डोळ्यांपुढे दुकानाची भिंत आली. तिथे प्रत्येक वयाला दहा-बारा साचे टांगलेले, कारण माणसं दहा-बारा तऱ्हांची. फक्त तिच्या वयाच्या बायकांसाठी एकच साचा होता. एकाच कागदावर ती त्या सगळ्यांचं बेते. अरुंद खांदा, आखूड पाठ, आखूड बाही. म्हातारपणी बायका आटतात, असं तिने धरलं होतं. पण त्यातल्या कितीतरी जणी तरुण होत्या तेव्हापासून तिच्याकडे शिवत होत्या, आणि साचा तेव्हाही तोच होता.

“तुम्ही लहान असताना,” डॉक्टरीणबाईंनी हळू विचारलं, “घरात खायचे हाल होते का? दुष्काळ वगैरे?”

“छे,” मावशी म्हणाली. “आम्ही व्रत करत होतो.”

बाकावरून भाऊ हसला. मोठ्यांदा नाही, घशातल्या घशात, बहीण नेहमीचा विनोद करतेय असं वाटून. मग त्याने तिचं तोंड बघितलं आणि त्याचं हसू तिथेच मोडलं.

“चिमणे, तू हे खरंच म्हणतेस?”

“म्हणजे काय? आईचं व्रत. रिकाम्या ताटाचं. तूही बसायचास की शेजारी.”

“अगं, ताटात घालायला काय होतं?” तो म्हणाला. “म्हणून रिकामं.”

मावशीला शब्द ऐकू आले, पण ते कुठल्यातरी दुसऱ्या घराबद्दल असावेत तसे.

“दोन वर्षं पीक नव्हतं. तिसऱ्या वर्षी बियाणंसुद्धा खाल्लं लोकांनी. सकाळी जे काय मिळेल ते आई तुम्हाला घालायची, पाला, कोंडा, कशाची तरी पेज. संध्याकाळी काहीच नाही. तुम्ही दोघं रडायचात. तू चार वर्षांची, बाळ्या दोनचा. एके दिवशी तिने ताट घासलं, देवापुढे ठेवलं आणि म्हणाली, आज देव जेवतोय, आपण गप्प बसून बघायचं. तुम्ही गप्प बसलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलात. मला तिने शपथ घातली होती, धाकट्यांपुढे भूक हा शब्द काढायचा नाही. मी तेरा-चौदाचा, माझी हाडं आधीच बरीचशी लांबून झाली होती. मग पाणी आलं, धान्य आलं, मी कामाला बाहेर गेलो. मला काय स्वप्न पडलंय, की तू ते अजून... इथे आल्यावर कळलं संध्याकाळी तू जेवत नाहीस. मी म्हटलं, साखर आहे, पथ्य करत असेल. दिवेलागणीला मी फिरायला जातो, खानावळीत जेवूनच येतो. ताट मी बघितलंच नाही, चिमणे.”

“बाळ्या तापाने गेला,” मावशी म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. “आई म्हणायची, त्याचं व्रत सगळ्यांत चांगलं झालं, म्हणून देवाने त्याला जवळ घेतलं.”

भावाने मान खाली घातली. “ताप कुठला गं. भूक होती ती.”

डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. मावशीने तो घेतला आणि हातातच धरून ठेवला. डॉक्टरीणबाई सावकाश, तिला समजेल असं सांगत होत्या. पोर वाढीला लागते त्या वर्षांत अन्न मिळालं नाही, की शरीर मनाशी खूणगाठ बांधतं: हे जग उपाशी आहे, आपण लहानच राहिलेलं बरं. मग पुढे ताट भरलं तरी ते विश्वास ठेवत नाही. आलेला घास साठवत बसतं, साखर रक्तात तुंबते, काळीज आणि हाडं कच्च्या पायावर उभी राहतात. आईच्या पोटातल्या बाळालाही ते काटकसर शिकवतं. “तुमच्यात काही खोट नाही, आजी. तुमच्या शरीराने तुम्हाला जगवलं. तेवढं मात्र त्याला महाग पडलं. आणि गोळ्या घेऊन संध्याकाळी उपाशी राहता, म्हणून पहाटे ते घाम. कधीतरी उठणार नाही तुम्ही.”

“आणि पोर?” सून म्हणाली. इतका वेळ तिने हा एकच प्रश्न दाबून धरला होता. “माझी पोर?”

“तिची हाडं अजून वाट बघताहेत. वेळ गेलेली नाही. पण आज रात्रीपासून ती पोटभर जेवली पाहिजे, रोज. दबून, घाबरून नाही. मनाने.”

मावशी घरी आली. दुकान उघडलं, खोक्यावर चढली, कापड पसरलं, खडू हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. एक बाई सदऱ्याला काज करून न्यायला आली होती. तिच्याच वयाची, तिच्याच उंचीची. मावशी तिच्याकडे अशी बघत राहिली की ती बाई संकोचून म्हणाली, “काय झालं? माझं काही चुकलं का?”

“नाही,” मावशी म्हणाली. “तुम्ही लहान असताना संध्याकाळी काय जेवायचात?”

बाईचा चेहरा एकदम मिटला. “काज उद्या नेते,” ती म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळी सुनेने पाळीला सुट्टी टाकली. मावशीच्या आतल्या खोलीत, जिथे दिवेलागणीला कधी चूल पेटली नव्हती, तिथे तिने भात टाकला, भाजी केली. भाऊ भिंतीला टेकून बसला. भिंगरीपुढे ताट आलं. तिने ते दोन्ही हातांनी हळूच पुढे सारलं.

“मी नाही जेवणार.”

“भिंगरे, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?”

“मी देवाला कबूल केलंय. आजीबरोबर. आजी जेवली तर जेवेन.”

सुनेने सासूकडे बघितलं. रागवायचं, रडायचं सगळं तिचं दुपारीच करून झालं होतं. आता तिच्या नजरेत फक्त विनवणी होती. “आई,” ती म्हणाली, आणि तिने भाताचं पातेलं जवळ ओढलं.

मावशीने हातपाय धुतले, दिवा लावला. ताटाकडे तिचा हात गेला आणि थांबला. ती कोनाड्यापुढे बसली. आणि रोज यायचा तसा तो आला. आधी बरगड्यांखाली ओढ, मग हलकेपणा, मग डोक्यात शिरलेलं वारं. एवढी वर्षं ती या क्षणासाठी संध्याकाळची वाट बघत आली होती. सासूच्या जाचात, नवऱ्याच्या आजारात, मुलगा रस्त्यावर असताना, याच हलकेपणाला तिने आपली गाऱ्हाणी सांगितली होती. आता तिला त्याचं नाव माहीत होतं. लेकराने डॉक्टरीणबाईंना तळवा टेकवून दाखवली होती, तीच जागा. भूक. नुसती भूक.

मग ती कोणाशी बोलत होती?

तिला आई आठवली. आई तेव्हा या सुनेपेक्षाही लहान असेल. तीन पोरांना रांगेत बसवून ती रिकाम्या ताटापुढे हात जोडायची, तेव्हा ती काय बघत असेल? धान्य आल्यावरची एक संध्याकाळही आठवली. आईने ताटात खरंच भात वाढला होता आणि म्हणाली होती, “पुरे आता बाळा, देव पावला, जेव.” चार-पाच वर्षांच्या चिमणीने ताट ढकलून दिलं होतं. बाळ्याने नेम पाळला म्हणून तो देवाला आवडला, मीही पाळणार. आई उठून परसात गेली ती पुष्कळ वेळ आली नव्हती. मावशीला जन्मभर वाटत आलं, आईला तिचं कौतुक वाटलं असणार.

“दादा,” ती न वळता म्हणाली, “आई मला सांगू शकली असती. मी मोठी झाल्यावर.”

“काय सांगणार? तुझा बाळ्या देवाला आवडला नव्हता, हे?” भाऊ म्हणाला. “देव भावाचा भुकेला असेल, चिमणे. आपण भाताचे होतो. त्यात देवाचा काय दोष आणि आईचा तरी काय?”

मावशीने कोनाड्यातल्या देवाकडे बघितलं. तो होता तसाच होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तिला वाटलं, याच्याशी उद्या बोलू. आज पोर बसलीये.

ती येऊन भिंगरीसमोर बसली. “वाढ,” सुनेला म्हणाली.

तिने चिमणीच्या चोचीएवढा घास घेतला. भिंगरीने तिच्याकडे बघून तेवढाच घेतला. मावशीने तो चघळला, चघळला, गिळला. भिंगरीनेही चघळला, गिळला आणि थांबली, आजीच्या हाताकडे डोळे लावून. मावशीने पुन्हा इवलासा घास उचलला. भिंगरीने पुन्हा तेवढाच. सुनेचे हात भाताच्या पातेल्यावर गोठले होते.

तेव्हा मावशीला कळलं, पोरीच्या पोटात किती जाणार हे आपल्या बोटांवर आहे. तिने मुठीत मावेल एवढा भात कालवला, घास केला आणि तोंडात कोंबला. भिंगरीने डोळे मोठे केले. मग तिनेही कोंबला, गाल फुगले, भाताची शितं हनुवटीवर सांडली, आणि तिला हसू आलं.

“सावकाश,” भाऊ म्हणाला, “दोघी ठसका लागून मराल आणि मी एकटा उरेन.”

ताट संपलं. भिंगरीचंही संपलं. तिने आजीकडे बघितलं, आता काय, म्हणून. मावशीला अजून मागायचं होतं. पण हा शब्द तिच्या तोंडात कधी आलाच नव्हता. घरात वाढणारी तीच, मागणं दुसऱ्यांचं. तिने ओठ उघडले, मिटले. मग ताट पुढे सरकवलं, थोडं जास्तच जोरात, ते सुनेच्या गुडघ्याला लागलं.

“अजून वाढ.”

सुनेने वाढलं. भिंगरीनेही ताट सरकवलं. या खेपेला भात निवलेला, भाजी गार. मावशी जेवत होती आणि बरगड्यांखालचं ते ओढणं घासागणिक थोडं थोडं निवत चाललं होतं. ते पुरतं गेलं की आपल्यात काय उरेल, या विचाराने तिचा हात मध्येच थबकला. तिने भिंगरीकडे बघितलं.

भिंगरी तिच्याकडे बघत नव्हती. मान ताटात घालून, कोपर फाकवून, ती एकामागून एक घास घेत होती, आजी आहे का, थांबली का, कसली दादच नाही. मग वर न बघता तिने ताट आईपुढे धरलं.

मावशीने पुढचा घास घेतला.